चांदी काळी का पडते, आणि तरी हवीशी का वाटते

चांदीची चार कडी एकत्र राहावीत म्हणून मी त्यांना रबरबँड गुंडाळला आणि डबी कपाटात मागे सारून दिली. आठ-नऊ महिन्यांनी ती पुन्हा हाती आली. कडी तशी बरी होती, थोडी पिवळसर झाक आलेली, एवढंच. पण प्रत्येक कड्यावर एकाच जागी काळीकुट्ट पट्टी उमटली होती. रबरबँडच्या नेमक्या रुंदीची, फूटपट्टी लावून आखावी तशी. बोटाने घासून ती जाईना, कापडाने घासल्यावर जराशी फिकटली. त्याच डबीत पडलेल्या स्टीलच्या चावीला मात्र काहीही झालं नव्हतं.

रबरबँडने नेमकं काय केलं हे कळलं, की चांदीचं निम्मं कोडं सुटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. ते लवचीक राहावं म्हणून त्यात गंधक घालून तापवतात. ही युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. पण सगळं गंधक रबरात अडकून राहत नाही, थोडं सुटं उरतं. आणि चांदीला गंधकाची विलक्षण ओढ. दोघं भेटले की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, ते काळं असतं. कड्यावरची पट्टी म्हणजे हेच.

आपण सहज म्हणतो, ‘चांदी गंजली’. लोखंड गंजतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. चांदी नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनला जवळजवळ भीक घालत नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असून चांदी ढिम्म, आणि अब्जात दोन-चार कण हायड्रोजन सल्फाइडचे असले तरी ती हळूहळू रंग बदलायला लागते. सडक्या अंड्याला ज्याची दुर्गंधी येते तोच हा वायू. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, दलदलीतून तो थोडाथोडा येत असतो. शिवाय अंड्यात, कांद्यात, लोकरीत, काही प्रकारच्या पुठ्ठ्यांत गंधकाची संयुगं असतात. हवा दमट असली की सगळं आणखी वेगाने होतं.

काळी पडण्याआधी चांदी कोणकोणत्या रंगांतून जाते, ते एकदा निरखून पाहा. आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, मग तांबूस तपकिरी, कधी जांभळा-निळा, आणि शेवटी काळा. हे रंग सल्फाइडचे स्वतःचे नव्हेत. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात तसेच हे आहेत. थर इतका पातळ असतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारून टाकतात, उरलेले आपल्याला दिसतात. थर वाढला की रंग बदलतो, फार जाड झाला की नुसता काळा. म्हणजे चांदीवरचा रंग पाहून थराची जाडी ओळखता येते, आणि ती पिवळी आहे तोवरच पुसून घेणं किती सोपं जाईल, तेही कळतं.

सोनं यातलं काही करत नाही. हजारो वर्षं मातीत पडलेलं सोनं वर काढून धुतलं की काल घडवल्यासारखं दिसतं. त्यामुळे चांदीकडे सोन्याची गरीब बहीण म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. मला ते पटत नाही. दागिना म्हणून चांदीची जी ओढ वाटते ती या काळ्या पडण्याला क्षमा करून नव्हे, बऱ्याच अंशी त्या काळ्या पडण्यामुळेच. ते कसं, ते सांगण्याआधी तिचा पांढरेपणा समजून घ्यावा लागेल.

सत्तेचाळीसावा इलेक्ट्रॉन

चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले ४६ घर धरून बसणारे आणि सत्तेचाळीसावा उनाड. चांदीच्या तुकड्यात असे अब्जावधी उनाड इलेक्ट्रॉन एकत्र आले, की कोणता कुणाच्या घरचा याला अर्थ उरत नाही, सगळे गावभर हिंडत असतात. प्रकाश येऊन आदळला की हेच इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर थरथरतात आणि तो परत फेकतात. आपण ज्याला धातूची चकाकी म्हणतो ती हीच.

मग सोनं पिवळं आणि तांबं लालसर का? तिथेही असे मोकळे इलेक्ट्रॉन आहेतच. फरक आहे तो घरात बसलेल्यांचा. सोन्या-तांब्यातल्या त्या इलेक्ट्रॉनांना निळ्या-हिरव्या प्रकाशाएवढी ऊर्जा मिळाली तरी वर उडी मारायला पुरते, म्हणून ते तेवढा प्रकाश गिळून टाकतात आणि उरलेला पिवळा-तांबडा आपल्याकडे येतो. चांदीत त्या उडीसाठी जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण लागतात, ते आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. परिणाम असा, की दिसणाऱ्या प्रकाशातला जवळजवळ प्रत्येक रंग चांदी सारख्याच मापाने परत करते. स्वच्छ घासलेली चांदी सुमारे ९५ टक्के प्रकाश माघारी धाडते. स्टील आणि प्लॅटिनमही पांढरेच म्हणवतात, पण ते प्रकाशाचा बराच मोठा वाटा गिळतात. दोन अंगठ्या शेजारी ठेवा, स्टीलची करडी वाटेल आणि चांदीची दुधाळ.

हा पांढरेपणा माणसांच्या इतका डोळ्यांत भरला, की धातूचं नावच त्यावरून पडलं. संस्कृतमधलं ‘रजत’ आणि लॅटिनमधलं ‘अर्जेंटम’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दापासून आलेले शब्द, अर्थ शुभ्र, चमकणारं. ‘अर्जुन’ हा शब्दही त्याच घरातला, त्याचाही अर्थ पांढरा, तेजस्वी. चांदीची रासायनिक खूण ‘एजी’ ही अर्जेंटमवरूनच आली आणि अर्जेंटिना देशाचं नावही. ‘रुपेरी पडदा’ हा आपला लाडका शब्द तर अक्षरशः खरा आहे. सुरुवातीच्या काळात प्रोजेक्टरचा प्रकाश कमजोर असायचा, तो वाया जाऊ नये म्हणून पडद्याला चांदीसारखा चमकणारा धातूचा लेप देत.

आरशांचंही तेच. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा लावत, आणि पाऱ्याच्या वाफांनी कारागिरांची प्रकृती खंगत असे. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रासायनिक रीत दाखवली. हवाई आणि चिली इथल्या जेमिनी दुर्बिणींच्या आठ मीटरहून मोठ्या आरशांवर आजही चांदीचाच थर असतो, वर संरक्षक लेप देऊन.

प्रकाश परत फेकणारे हे भटके इलेक्ट्रॉन उष्णताही वाहून नेतात आणि वीजही. या दोन्हींत चांदी सगळ्या धातूंमध्ये पहिली, तांबं तिच्या थोडंसंच मागे. चांदीची साखळी गळ्यात घातल्याबरोबर गार लागते ती यामुळेच. साखळीचं तापमान खोलीतल्या लाकडी टेबलाएवढंच असतं, पण ती त्वचेची उष्णता झटकन ओढून घेते. मिनिटभरात अंगाएवढी ऊब धरते आणि मग जाणवेनाशी होते. चांदीच्या पट्टीवर बर्फाचा खडा ठेवला तर तो डोळ्यांदेखत विरघळायला लागतो. चांदीचा चमचा गरम पेयात विसरला तर बोट भाजतं, हाही त्याचाच अनुभव.

विजेच्या बाबतीतला एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अणुबाँबसाठी युरेनियम वेगळं करायचं होतं. त्यासाठी टेनेसीतल्या ओक रिज इथे प्रचंड विद्युतचुंबक उभारायचे होते आणि त्यांच्या वेटोळ्यांना हजारो टन तांबं लागणार होतं. पण तांबं तोफगोळ्यांच्या कामात गुंतलेलं. तेव्हा १९४२ मध्ये सरकारी खजिन्यातली चांदी उसनी मागायचं ठरलं. अधिकारी इतके टन हवेत म्हणाले, तर खजिन्याकडून त्यांना ऐकवण्यात आलं की आम्ही चांदी टनांत मोजत नाही, ट्रॉय औंसांत मोजतो. ट्रॉय औंस म्हणजे साधारण ३१ ग्रॅम. शेवटी सुमारे १३,३०० मेट्रिक टन चांदी वेटोळ्यांत गेली. युद्धानंतर ती हळूहळू परत आली, शेवटचा हिस्सा १९७० मध्ये. आज तेच काम लहान प्रमाणात सगळीकडे चालू असतं. सौर पॅनेलवर दिसणाऱ्या बारीक रुपेरी रेघा चांदीच्या लेपाच्या असतात, आणि बऱ्याच कीबोर्डांच्या पोटातल्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर चांदीच्या शाईने सर्किट छापलेलं असतं.

मऊपणाचा फायदा

शुद्ध चांदी दागिन्याला फार मऊ. नुसत्या शुद्ध चांदीची अंगठी रोज वापरली तर वाकते, चरे पडतात, खड्याला धरणारे आकडे उघडतात. म्हणून हीण घालावं लागतं, बहुतेक वेळा तांब्याचं. हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग तांबं, हे झालं स्टर्लिंग. दागिन्याच्या आतल्या बाजूला ‘९२५’ असा ठसा असतो तो याचा. हीण म्हटलं की आपल्याला फसवणूक आठवते, पण इथे ते कामाचं आहे. धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पत्त्यांचा गठ्ठा सरकावा तसे. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा साधारण एकदशांशाने लहान, त्यामुळे तो ओळीत नीट बसत नाही. थर सरकताना तिथे अडतात आणि धातू कडक होतो.

तरीही स्टर्लिंग इतकी मऊ राहते, की हातोडीला आणि पकडीला ती आनंदाने वश होते. कारागिराच्या ओट्यावर अर्धा तास बसून पाहिलं तर हे कळतं. तार पोलादी पट्टीच्या भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग आणखी बारीक. चार-पाच ओढींनंतर तार ताठर होते, आणखी ओढली तर तुटेल अशी. ठोकून-ओढून थरांची इतकी गुंतागुंत झालेली असते की सरकायला वाव उरत नाही. मग तिला ताव द्यायचा. खोलीतला उजेड कमी करून ज्योत फिरवत राहायचं, चांदी मंद लाल दिसू लागली की थांबायचं. कुणी आधी पत्र्यावर मार्करने रेघ मारून ठेवतात. ताव पुरेसा झाला की रेघ आपोआप उडून जाते, डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागत नाही. पाण्यात बुडवली की ‘चर्र’ आवाज, आणि मघाचा ताठा पार उतरलेला. बोटाने वळवावी तशी तार वळते. हे चक्र कितीही वेळा चालवता येतं. केसासारख्या तारांची वेलबुट्टी आणि मोहरीएवढे दाणे एकेक करून पत्र्यावर बसवण्याची कला यामुळेच शक्य होते. जोडायला डाख वापरतात, तोही चांदीचाच, त्यात तांबं आणि जस्त जास्त घालून आधी वितळेल असा केलेला. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. डाख त्याच्या बराच आधी वाहू लागतो, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळून जायचा.

ओतकामात मात्र चांदी खोड्या काढते. थंड असताना ऑक्सिजनकडे न पाहणारी ही बया वितळल्यावर स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन पिऊन बसते आणि थिजताना तो सगळा ओकते. तेव्हा पृष्ठभाग फुटून थेंब उडतात, ओतीव वस्तूला बारीक भोकं पडतात. स्टर्लिंगमधलं तांबं तर तापताना आतपर्यंत ऑक्सिजन धरतं आणि पॉलिश केल्यावर जांभळट ढगांसारखे डाग वर येतात. हे डाग म्हणजे चांदीच्या कारागिरांची जुनी डोकेदुखी. ब्रिटनमधल्या मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी १९९० च्या दशकात तांब्याचा थोडा भाग काढून जर्मेनियम घातलं. त्या मिश्रणावर हे डाग पडत नाहीत आणि ते काळंही उशिरा पडतं. ‘अर्जेंटियम’ या नावाने ते मिळतं.

वजनाचाही एक मुद्दा आहे, तो सहसा कुणी बोलत नाही. एक घनसेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं, तेवढीच चांदी १०.५ ग्रॅम. म्हणजे त्याच आकाराचं कानातलं चांदीत करायचं तर वजन जवळजवळ अर्धं. खांद्याला टेकणारे झुमके किंवा मनगटभर रुंद कडं सोन्यात केलं तर घालवणार नाही. त्यात चांदी सोन्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त, त्यामुळे कारागीर धाडस करतो, एखादी कल्पना फसली तर वितळवून पुन्हा सुरू करतो. अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीची नाणी ठोकून आपली शैली घडवली. कोपनहेगनमध्ये गेओर्ग येन्सन यांनी १९०४ मध्ये कार्यशाळा काढली, त्यांच्या द्राक्षांच्या घडांनी आणि कळ्यांनी चांदीला नवा तोंडवळा दिला. मेक्सिकोतल्या तास्को गावात १९३० च्या दशकात विल्यम स्प्रॅटलिंग यांच्या कार्यशाळेतून कारागिरांची अख्खी पिढी तयार झाली. जिथे जिथे दागिन्यात आकाराचे नवे प्रयोग झाले, तिथे बहुधा चांदीच दिसते.

काळ्याची किमया

आता पुन्हा काळ्याकडे. आरसा डोळ्यांसमोर आणा. आरशावर बारीक नक्षी कोरली तर ती दिसेल का? नीट दिसणार नाही, कारण सगळीकडून प्रकाशच येतोय, सावली पडायला जागाच नाही. नव्या कोऱ्या चांदीची हीच अडचण असते. पानं, जाळी, दाणे सगळं लखलखाटात बुडून जातं. पण खोबणीत काळं बसलं आणि उंचवटे घासून पांढरे राहिले, की प्रत्येक पान वेगळं उठून दिसतं. सोन्याला हे जमत नाही, तिथे सावली दाखवायला मीना किंवा खडे घालावे लागतात. चांदी स्वतःची सावली स्वतःच तयार करते. रोजच्या वापरातला दागिना वर्षानुवर्षं अंगावर घासून घासून नेमका असाच होतो, उंचवटे उजळ आणि खाचा काळ्या.

‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने म्हणून जे विकतात त्यात हेच काम मुद्दाम आणि झटपट केलेलं असतं. पोटॅशियम आणि गंधकाच्या संयुगांच्या कोमट द्रावणात दागिना बुडवला की काही सेकंदांत तो काळा होतो, मग उंचवट्यांवरचं काळं पुसून काढतात. थोडक्यात ते ऑक्साइड नाहीच, सल्फाइड आहे. नाव सपशेल चुकलेलं, पण आता रुळलं. रोमन काळापासून आणखी एक रीत चालत आली आहे. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण कोरलेल्या खाचांत भरून पक्कं करायचं. त्याला निएलो म्हणतात. मग दागिना काळ्या शाईत काढलेल्या चित्रासारखा दिसतो.

चांदीची गंधकाशी ही सोयरीक जमिनीच्या पोटातही असते. सोनं नदीच्या वाळूत आयतं चमकताना सापडतं. चांदी बहुतेक वेळा सल्फाइडच्या रूपात, शिशाच्या नाहीतर इतर धातूंच्या खनिजात दडलेली. ती काढायला आधी शिसं गाळता यायला हवं, मग ते मिश्रण हाडांच्या राखेच्या वाटीत भरपूर हवेवर तापवायचं. शिशाचं ऑक्साइड होऊन राखेत मुरतं आणि वाटीच्या तळाशी चांदीचा थेंब उरतो. ही विद्या उशिरा आली, म्हणून प्राचीन इजिप्तमध्ये एके काळी चांदी सोन्याहून दुर्मीळ होती. देवांचं शरीर सोन्याचं आणि हाडं चांदीची असं तिथले लोक मानत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुसेनेस पहिला या फेअरोची चांदीची शवपेटी तानिस इथे पिएर माँते या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला १९४० मध्ये मिळाली. पुढे अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत इ. स. पू. ४८३ च्या सुमारास चांदीचा मोठा साठा लागला. ती लोकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून जहाजं बांधू, असं थेमिस्टोक्लीस या तिथल्या पुढाऱ्याने अथेन्सकरांच्या गळी उतरवलं. तीन वर्षांनी सालामिसच्या लढाईत त्याच आरमाराने इराण्यांना हरवलं. आजही जगातली बरीचशी चांदी शिसं, जस्त, तांबं आणि सोनं काढताना जोडीला मिळते.

जंतू मारण्याचा चांदीचा गुणही गंधकाच्या ओढीतूनच येतो. जंतूंच्या प्रथिनांत गंधक असतं. चांदीचे विद्युतभारित कण त्यालाच जाऊन चिकटतात आणि प्रथिनांचं काम बंद पडतं. कार्ल क्रेडे या जर्मन डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे पातळ थेंब घालायला सुरुवात केली आणि जंतुसंसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. भाजलेल्या जखमांवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम १९६० च्या दशकातलं. पण म्हणून बोटातली अंगठी काही औषध होत नाही, आणि चांदीचं पाणी पिणं तर शुद्ध वेडेपणा. शरीरात साठलेली चांदी त्वचेत उतरते, प्रकाशाने काळवंडते आणि माणूस कायमचा निळसर-राखाडी दिसू लागतो. या विकाराला आर्जिरिया म्हणतात.

‘दागिना काळा पडला म्हणजे अंगात रोग आहे’ असंही ऐकू येतं. घामातली गंधकाची संयुगं, क्षार, लोशन आणि हवेतला ओलावा माणसागणिक बदलतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि विषाने चांदी काळी पडते, या राजेरजवाड्यांच्या समजुतीत थोडं तथ्य होतं, पण अपघाताने. जुन्या काळच्या सोमलात, म्हणजे आर्सेनिकच्या विषात, बऱ्याचदा गंधकाची भेसळ राहिलेली असे. शुद्ध सोमल मात्र चांदीच्या ताटात बिनबोभाट पडून राहिला असता.

प्रकाशाने चांदी काळवंडते, यावर तर एक अख्खी कला उभी राहिली. फोटोच्या फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडला की त्यात चांदीचे अणू सुटे होतात, आणि डेव्हलपर नावाच्या रसायनात घातल्यावर त्या जागी चांदीचे बारीक कण वाढतात. इतके बारीक कण काळे दिसतात. त्यामुळे फिल्मवर उजेडाच्या जागा काळ्या, असं उलटं चित्र उमटतं, आणि त्यातून तशाच क्षारांच्या कागदावर छापलं की ते सुलटं होतं. म्हणजे जुन्या कृष्णधवल फोटोतले काळेभोर केस आणि सावल्या खऱ्याखुऱ्या चांदीच्या आहेत, आणि पांढरा शर्ट नुसत्या कागदाचा!

घेताना आणि घासताना

ठसा असला म्हणजे झालं, असं नाही, पण ठशाला इतिहास मोठा आहे. इंग्लंडमध्ये १३०० मध्ये राजा पहिला एडवर्ड याने चांदीचा कस ठरवून बिबट्याच्या मुखाचा छाप सक्तीचा केला. पुढे वस्तू तपासायला आणि छापायला लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये न्याव्या लागत, तिथूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द आला. ‘जर्मन सिल्व्हर’ मात्र पूर्ण वेगळं. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नाही. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांनी ते जपूनच घालावं. तांब्या-पितळेवर विजेने चांदीचं पाणी चढवलेले दागिनेही भरपूर असतात. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत. उलट काही वेळा खऱ्या चांदीवर रोडियम या धातूचा मुलामा दिलेला असतो. तो काळा पडत नाही, पण त्याचा रंग किंचित निळसर-थंड वाटतो आणि घासला जाऊन कडांना उडतो. आणि ऑलिंपिकचं सुवर्णपदक? तेही आतून चांदीचंच, वर निदान सहा ग्रॅम सोनं.

भरीव आणि बिनखड्याचा दागिना असेल तर एक तपासणी घरी करता येते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. मी माझ्या कड्यावर केली ती सांगते. कडं आधी कोरडं तोललं, ४१.५ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला, कडं दोऱ्याने पाण्यात सोडलं, पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं. काट्याने ४.० दाखवले. हे कड्याने सारलेल्या पाण्याचं वजन. ४१.५ ला ४ ने भागलं की १०.४, स्टर्लिंगची घनता याच्या अगदी जवळ आहे. जर्मन सिल्व्हर असतं तर काट्याने ४.८ च्या आसपास दाखवलं असतं. लोहचुंबकाची परीक्षा पुरेशी नाही, कारण तांबं-पितळही त्याला चिकटत नाही.

काळं काढायचे मार्ग दोन जातीचे आहेत. एकात काळं खरवडून फेकायचं. पॉलिशची पेस्ट, टूथपेस्ट, राख सगळं याच जातीचं. काळ्या थरात चांदीच अडकलेली असते, त्यामुळे दर वेळी थोडी चांदीही जाते. टूथपेस्टने तर चरेही पडतात. दुसऱ्या मार्गात गंधक तेवढं सोडवून घ्यायचं आणि चांदी जागेवर ठेवायची. त्याला लागतो अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. चांदीपेक्षा अॅल्युमिनियम कितीतरी जास्त उतावळं. सोड्याने त्याच्यावरचं संरक्षक पापुद्र्याचं कवच निघतं, चांदीला ते टेकलं की दोघांत छोटी बॅटरीच सुरू होते, अॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन देतं आणि गंधक चांदीला सोडून पाण्यात येतं. मोती, पोवळं, फिरोजा, ओपल आणि चिकटवलेले खडे यांना ही आंघोळ घालू नये. मुद्दाम काळे केलेले दागिने तर अजिबात नाहीत, सगळी शोभा दोन मिनिटांत धुऊन निघेल.

माझी चारही कडी साधी, नक्षी नसलेली. म्हणून फॉइल अंथरलेल्या भांड्यात ती ठेवली, वर दोन चमचे सोडा आणि उकळतं पाणी. लगेच बुडबुडे आले आणि पाठोपाठ सडक्या अंड्याचा वास. नऊ महिन्यांपूर्वी रबरातून गेलेलं गंधक परत हवेत निघालं होतं. तीन मिनिटांनी कडी काढली, पट्ट्या गेल्या होत्या.

पूर्ण गेल्या, असं तेव्हा वाटलं. खिडकीशी तिरपं धरल्यावर तीच पट्टी पुन्हा दिसली, आता काळी नाही, मलूल पांढरी. गंधक सुटल्यावर चांदी जागेवर राहते खरी, पण पूर्वीसारखी सपाट बसत नाही, स्पंजासारखी खडबडीत होते, आणि खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे उधळतो. मऊ कापडाने बराच वेळ घासल्यावर ती निम्मी पुसट झाली. पुढे काही घासलं नाही. दोन कडी आता रोज हातात असतात, कारण वापरातली चांदी कपड्याला आणि त्वचेला घासून आपोआप उजळ राहते. उरलेली दोन हवाबंद पिशवीत आहेत, सुती दोऱ्याने बांधून.